चेंडू हलण्याआधी

शनिवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून टॅबलेट उभा केलेला असतो आणि पुढ्यात पोह्यांची बशी घेऊन माझा सोळा वर्षांचा मुलगा आदल्या रात्रीच्या सामन्याचे चित्रण पाहत असतो. ओहायोत शुक्रवारची रात्र ही शाळांच्या अमेरिकन फुटबॉलची रात्र असते आणि शनिवारची सकाळ त्या रात्रीचा हिशेब मांडण्याची. तो डावा गार्ड म्हणून खेळतो. म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या अगदी शेजारी, जिथे कॅमेरा सहसा जात नाही आणि टाळ्या तर कधीच पोहोचत नाहीत अशा जागी. गेल्या हंगामातल्या एका शनिवारी त्याने चित्रण थांबवले आणि मला हाक मारली. "आई, जरा इकडे ये ना. हा बघ." पडद्यावर सगळे स्तब्ध होते, चेंडू अजून जमिनीवरच होता. समोरच्या संघाचा मधला लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेमागे उभा राहणारा, शेजारच्या कुठल्याशा गावातला, हेल्मेटच्या जाळीआड चेहराही न दिसणारा एक मुलगा, हात लांब करून एका जागेकडे बोट दाखवत होता. मुलाने चित्रण पुढे सरकवले. चेंडू उचलला गेला, माझा मुलगा ठरल्याप्रमाणे आपली जागा सोडून उजवीकडे धावला, त्याच्या मागोमाग चेंडू घेतलेला रनिंग बॅक निघाला, आणि बोट दाखवलेल्या नेमक्या त्या जागी तिघे जण त्यांची वाट पाहत उभे होते. "त्याला कसं कळलं?" मी विचारले. "मीच सांगितलं," तो म्हणाला, आणि चित्रण पुन्हा मागे नेऊन त्याने स्वतःच्याच हाताच्या बोटांवर चित्र मोठे केले.

गार्ड एका हाताची बोटे जमिनीवर टेकवून, गुडघे मोडून, पाठ सपाट ठेवून वाकलेला असतो. समोरच्याला छातीवर घेऊन पुढे रेटायचे असेल तर अंगाचे वजन आपोआप त्या बोटांवर येते. गवत दबते, नखांमागची कातडी पांढरी पडते, कंबर खांद्यांपेक्षा थोडी वर जाते. पास असेल, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकचे मागे सरकत रक्षण करायचे असेल, तर वजन टाचांकडे जाते आणि बोटे नुसती टेकलेली राहतात. आणि रांगेतून सुटून आडवे धावायचे असेल, ज्याला इथे ‘पुल’ म्हणतात, तर बोटांवर जवळजवळ भारच राहत नाही. आधीच्या चालीत माझ्या मुलाची बोटे पेरापर्यंत मातीत रुतली होती. या चालीत त्यांच्याखाली गवताचे पातेही वाकले नव्हते. शिवाय मान क्षणभर किंचित उजवीकडे वळवून त्याने जायची वाट पाहून घेतली होती. हे सारे त्याने मला एखाद्या तिऱ्हाईताविषयी बोलावे तितक्या अलिप्तपणे दाखवले. मला मात्र दिवसभर ती बोटे दिसत राहिली. हरल्याचे दुःख नव्हते, तो सामना त्यांनी जिंकला होता. सलत होते ते निराळेच. ‘काय झालं रे?’ असे विचारले तर ‘काही नाही’ यापलीकडे ज्याच्याकडून उत्तर मिळत नाही, त्या मुलाने आपल्या मनातले पुढचे पाऊल एका परक्या मुलाला न विचारता सांगून टाकले होते.

फुटबॉल म्हटले की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतो तो अखंड वाहता खेळ. अमेरिकन फुटबॉल तुकड्यातुकड्यांनी खेळला जातो आणि प्रत्येक तुकड्याआधी एक सक्तीची स्तब्धता असते. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांनी जागा घेतल्यावर किमान एक सेकंद निश्चल राहायचे. त्यानंतर फार तर एकाने आडवे किंवा मागे सरकावे, पुढे नाही. रांगेतल्या ज्याने हात एकदा जमिनीला टेकवला, त्याने तो चेंडू हलेपर्यंत उचलायचा नाही, उचलला तर पाच यार्डांचा दंड. बचाव करणाऱ्यांवर यातले कोणतेच बंधन नाही. ते हवे तसे हलू शकतात, ओरडू शकतात, जागा बदलू शकतात. म्हणजे ज्यांच्याजवळ गुपित आहे त्यांनीच जागच्या जागी थिजून राहायचे आणि ज्यांना ते हवे आहे त्यांनी सावकाश न्याहाळायचे, अशी ही विचित्र व्यवस्था आहे. हा नियम मला पहिल्यांदा नीट समजला तेव्हा तो आक्रमणावर अन्याय करणारा वाटला होता. आता वाटते की तो नसता तर हा खेळ नुसत्या धडकांचा उरला असता आणि मी तो दोन सामन्यांपलीकडे पाहिला नसता.

या खुणा वाचायला मी शिकले ती शुक्रवारी रात्री बाकड्यांवर बसून. ऑक्टोबर संपता संपता इथली हवा बोचरी होते, ॲल्युमिनियमची बाकडी गोधडी अंथरली तरी गार लागतात, खेळाडूंच्या हेल्मेटमधून निघणारी वाफ दिव्यांच्या झोतात वर चढताना दिसते आणि पॉपकॉर्नच्या वासात मी डब्यातून आणलेल्या दिवाळीच्या चिवड्याचा वास मिसळतो. माझ्या शेजारी बहुतेकदा एक निवृत्त गृहस्थ बसतात, जे तरुणपणी याच शाळेकडून लाइनबॅकर म्हणून खेळले आहेत. चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाता खाता ते चेंडू हलण्याआधी पुटपुटतात, ‘पास’, किंवा ‘डावीकडून धाव’, आणि बहुतेक वेळा तसेच होते. पहिल्या वर्षी मला ती विद्या वाटे. मग त्यांनी एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली. कडेच्या रिसीव्हरकडे, म्हणजे पास झेलणाऱ्याकडे, बघा, म्हणाले. चाल धावेची असली की तो कमरेवर हात ठेवून रेंगाळत जागेवर येतो, कारण या खेपेला आपल्याला कोणी विचारणार नाही हे त्याला ठाऊक असते, आणि चेंडू त्याच्याचकडे येणार असला की तो हातमोजे ओढून घट्ट करतो. तो कडेच्या रेषेपासून किती आत उभा आहे तेही बघा: बाहेरच्या बाजूला पळायचे असेल तर पुढे मोकळी जागा हवी म्हणून तो आधीच आत येऊन उभा राहतो, आत वळायचे असेल तर बाहेर सरकतो. क्वार्टरबॅक बोटे चाटतो आहे का, टॉवेलला पुसतो आहे का? चेंडू नुसता शेजाऱ्याच्या हाती द्यायचा असेल तर बोटांची एवढी निगा कोण राखेल? आणि रनिंग बॅक. त्याला हजारदा बजावलेले असते की ज्या फटीतून धावायचे तिकडे बघू नकोस, म्हणून तो डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, आपल्या बुटांकडे बघतो, पण त्या फटीकडे चुकूनही बघत नाही. सगळे मैदान त्याच्या नजरेखालून गेलेले असते आणि एकच जागा शिल्लक राहते. गृहस्थ म्हणतात, तीच.

या सगळ्यात ध्वनीचा वाटाही मोठा आहे, आणि ध्वनी नाहीसा केला तर अंगावरची भिस्त आणखी वाढते. सिॲटलच्या प्रेक्षकांनी २ डिसेंबर २०१३ रोजी १३७.६ डेसिबलचा आणि कॅन्सस सिटीच्या प्रेक्षकांनी २९ सप्टेंबर २०१४ रोजी १४२.२ डेसिबलचा जो विक्रम केला, तो काही केवळ उत्साह नव्हता. पाहुण्या क्वार्टरबॅकची हाक त्याच्याच माणसांपर्यंत पोहोचू नये यासाठी केलेला तो सामुदायिक उद्योग होता. अशा गोंगाटात गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकची खूण पाहतो, सेंटरला थाप मारतो, सेंटर मान वर करतो आणि ठरलेली मोजणी संपली की चेंडू मागे देतो. समोरच्या बचावपटूला शब्द ऐकण्याची गरजच उरत नाही. त्याला ती मान दिसत असते, आणि मान उचलल्यापासून चेंडू हलेपर्यंतचे अंतर दोन-चार चालींत त्याच्या पायांत मुरते. पिट्सबर्गच्या ट्रॉय पोलामालूने १९ सप्टेंबर २०१० रोजी टेनेसीविरुद्ध ही वेळ इतकी अचूक साधली की चेंडू हलतो न हलतो तोच रांगेवरून उडी घेऊन तो क्वार्टरबॅक केरी कॉलिन्सच्या अंगावर होता. ते चित्रण मी मुलाबरोबर पुन्हा पुन्हा पाहिले आहे. दरवेळी वाटते की हा माणूस नियम मोडतो आहे, आणि दरवेळी तो मोडत नाही.

माझ्या माहेरी मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी माजघरात मेंढीकोटाचा डाव बसायचा. धाकटे काका भिडू म्हणून कोणालाच नको असत, आणि त्याचे कारण ते वाईट खेळत हे नव्हते. ते फार मन लावून खेळत. हुकमाची दश्शी हातात आली की ते पाने नीट लावून घेत, चष्मा वर सरकवत आणि मांडी बदलून बसत. दश्शी राखायची, योग्य वेळी उतरायची, यासाठीची ती त्यांची सिद्धता असे. समोर बसलेल्या आत्याला तेवढे पुरे होई. उलट आजोबा पाने हातात धरूनच डुलक्या घेत, आपल्याकडे काय आले आहे याची त्यांना स्वतःलाच फारशी पर्वा नसे, आणि त्यांच्या हातातल्या पानांचा अंदाज कोणालाही कधी बांधता आला नाही. हरत दोघेही सारखेच.

मुलाच्या बोटांचा विचार करताना काका आठवले ते यामुळे. खूण फुटते ती निष्काळजीपणातून, असे आपण धरून चालतो. पण निष्काळजी गार्ड प्रत्येक चालीला सारखाच ढिसाळ उभा राहतो. त्याच्या अंगावरून काही कळत नाही, कारण सांगण्यासारखे तिथे काही नसतेच. जो आपले काम नेटके करू पाहतो, धक्का द्यायचा तर सगळ्या ताकदीनिशी आणि पळायचे तर पहिल्या पावलातच निमिषभर वाचवून, त्याचे शरीर चेंडूच्या आधी त्या कामाकडे झुकू लागते. वर्षभर घोटून घेतलेल्या कौशल्याचेच ते पुढे आलेले टोक असते. म्हणूनच ‘लपव’ असे नुसते सांगून भागत नाही. तिन्ही प्रकारच्या चालींसाठी वजन सारखे ठेवायचे म्हणजे धक्क्यातली थोडी ताकद सोडायची आणि पळण्यातला थोडा वेग सोडायचा, आणि समोर सव्वाशे किलोंचा मुलगा दात ओठ खाऊन बसलेला असताना हा सौदा परवडेलच असे नाही.

मोठमोठ्यांनाही तो परवडलेला नाही.

२६ जानेवारी २००३ रोजी ओकलंड रेडर्सचा संघ सॅन डिएगोत सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक स्पर्धेचा अंतिम सामना, खेळायला उतरला तेव्हा त्या हंगामात सर्वाधिक यार्ड त्याने मिळवले होते आणि त्याचा क्वार्टरबॅक रिच गॅनन हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. समोर टॅम्पा बे होता आणि त्याचा प्रशिक्षक जॉन ग्रुडेन आदल्याच हंगामापर्यंत ओकलंडचा प्रशिक्षक होता. त्याला मिळवण्यासाठी टॅम्पाने ओकलंडला ड्राफ्टमधले, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे, चार हक्क आणि ८० लाख डॉलर मोजले होते. त्या चाली, ते शब्द, रेषेवर उभे राहून ऐन वेळी चाल बदलण्याच्या त्या हाका, यांतले बरेचसे ग्रुडेननेच बसवलेले. सुपर बोलच्या तयारीला त्या वर्षी नेहमीच्या दोन आठवड्यांऐवजी एकच मिळाला आणि ओकलंडने आपली भाषा बदलली नाही. ग्रुडेन सरावात गॅननच्या लकबींसकट स्वतःच क्वार्टरबॅक होऊन उभा राहिला. सामन्यात टॅम्पाचा सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, जॉन लिंच याच्या अंगावर माइक लावलेला होता, आणि हे जे जे खेळताहेत ते आपण सरावात पाहिलेले आहे, असे तो सहकाऱ्यांना सांगताना त्यात ऐकू येतो. गॅननचे पाच पास टॅम्पाच्या बचावपटूंनी झेलले, त्यांतले तीन थेट गुणरेषेपलीकडे नेले. ४८–२१. गॅननविषयी मला नेहमी कणव वाटते. हंगामभर तो जे बोलत आला तेच त्या रात्री बोलत होता; ऐकणारा तेवढा बदलला होता.

डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याची गोष्ट याहून गमतीची आहे, कारण तिच्यात उघडे होते ते कळले नाही आणि झाकलेले कळले. १२ जानेवारी २०१४ रोजी डेन्व्हरमध्ये सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध खेळताना चेंडू मागवण्याआधी तो ‘ओमाहा’ असे ओरडत होता, आणि असे तो ४४ वेळा ओरडला. घरोघरी लोकांनी ते ऐकले, चार्जर्सनीही ऐकले, आणि ऐकूनसवरून ते पाच वेळा वेळेआधी पुढे झेपावले आणि दंड भरून बसले. नेब्रास्कातल्या ओमाहा शहराच्या व्यावसायिकांनी तर पुढच्या सामन्यातल्या प्रत्येक उच्चारामागे ८०० डॉलर त्याच्या धर्मादाय संस्थेला देऊ केले. तो ३१ वेळा ओरडला आणि संस्थेला २४,८०० डॉलर मिळाले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २ फेब्रुवारीला, न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर सुपर बोल झाला आणि त्या हंगामात ६०६ गुणांचा विक्रम करणाऱ्या डेन्व्हरला सिॲटलने ४३–८ असे लोळवले. कोणत्या परिस्थितीत त्यांना कोणते मार्ग आवडतात याचा आमचा अभ्यास होताच, पण पहिल्या अर्ध्यात त्यांच्या काही हातवाऱ्यांचे अर्थही आम्हाला लागले, असे सिॲटलच्या रिचर्ड शर्मनने नंतर सांगितले. सामन्याची पहिलीच चाल आठवते. गोंगाटात मॅनिंग काही बदल सांगायला पुढे सरकला, त्याच क्षणी सेंटरने चेंडू मागे दिला, तो मॅनिंगच्या डोक्यावरून गेला आणि बाराव्या सेकंदाला सिॲटलचे खाते उघडले. आपल्या माणसाला खूण धड पोहोचली नाही, परक्यांना मात्र ती पुढे पोहोचत राहिली.

सिॲटलची पाळी वर्षभरात आली. १ फेब्रुवारी २०१५, ॲरिझोनातले ग्लेन्डेल. न्यू इंग्लंड २८, सिॲटल २४; सिॲटलचा चेंडू गुणरेषेपासून एका यार्डावर, घड्याळात अर्ध्या मिनिटाहूनही कमी. मार्शॉन लिंचसारखा धिप्पाड धावपटू हाताशी असताना ते त्याच्याच हाती चेंडू देतील असे जगाने गृहीत धरले होते. न्यू इंग्लंडने ऐन वेळी माल्कम बटलरला आत धाडले, ज्याला ड्राफ्टमध्ये कोणी निवडलेही नव्हते आणि ज्याचा तो पहिलाच हंगाम होता. उजव्या बाजूला सिॲटलचे दोन रिसीव्हर एकामागे एक उभे राहिले, जर्मेन कर्स पुढे आणि रिकार्डो लॉकेट मागे. हीच मांडणी बटलरने सरावात पाहिली होती आणि तेव्हा पुढच्या माणसाला वळसा घालण्यात त्याला उशीर झाला होता. या वेळी त्याने वळसा घातला नाही. ब्रँडन ब्राउनरने कर्सला जागच्या जागी रोखून धरले आणि सिॲटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन याचा पास पोहोचला तेव्हा लॉकेटच्या पुढ्यात बटलर होता. पास त्यानेच झेलला आणि सिॲटल हरले. पळवण्याऐवजी फेकायला का सांगितले म्हणून प्रशिक्षक पीट कॅरोलला लोक अजून बोल लावतात. मला तो वाद कंटाळवाणा वाटतो. तिथे ना कोणाची बोटे बोलली ना डोळे. दोन माणसे कशी उभी राहिली एवढ्यावरून सारे उलगडले, आणि तसे उभे राहिल्याशिवाय ती चाल खेळताच येत नाही. पुढच्याने अडसर व्हायचे आणि मागच्याने त्याच्या आडून सुटायचे, हाच त्या चालीचा जीव आहे. तो लपवायचा तर चालच सोडून द्यावी लागेल.

आमच्या शाळेच्या प्रशिक्षकांचा उपाय साधा होता. पुढच्या सोमवारपासून ते रांगेतल्या पाचही मुलांना वाकवून उभे करत आणि समोरून चालत जाता जाता एकेकाचा टेकलेला हात अचानक बाजूला ढकलत. मुलगा तोंडघशी पडला तर वजन पुढे आहे, मागे बसला तर टाचांवर आहे. हात नसतानाही जो होता तसाच राहिला तो उत्तीर्ण. व्यावसायिक संघांत तर सुट्टीच्या आठवड्यात स्वतःचेच चित्रण प्रतिस्पर्ध्याच्या नजरेने पाहण्याची रीत आहे, कोणत्या रचनेतून आपण कोणती चाल किती वेळा खेळतो याची मोजदाद करत. आमच्याकडे ती मोजदाद दिवाणखान्यात झाली. मुलगा अनवाणी, गालिच्यावर बोटे टेकवून. मी त्याच्यासमोर सोफ्यावर. तो मनात चाल ठरवी, मी ओळखे. पहिले काही दिवस मी सहज ओळखत होते: धक्क्याच्या वेळी अंगठ्याच्या बाजूची शीर वर यायची, पासच्या वेळी श्वास लांब व्हायचा, आणि पुलच्या वेळी, हे त्याला मी फार उशिरा सांगितले, तो जिभेचे टोक दातांत धरायचा. लहानपणी चित्रात रंग भरतानाही तो असेच करी. एकेक खूण मी सांगत गेले आणि तो ती पुसत गेला. नोव्हेंबर लागेतो मला काहीच ओळखू येईना. त्याला त्याचा फार आनंद झाला. मलाही झाला, कारण त्या मुलाने मेहनत घेतली होती आणि ती फळाला आली होती. पण समोर वाकलेल्या, काहीच न सांगणाऱ्या त्या देहाकडे बघताना जिभेच्या टोकाची खूण सांगितली नसती तर बरे झाले असते असेही वाटून गेले. सामन्याच्या दृष्टीने तिचा काही उपयोग नव्हता. तोंडात घातलेल्या दंतरक्षकामुळे मैदानावर ती कोणाला दिसलीच नसती.

लपवणाऱ्याइतकेच ओझे ओळखणाऱ्यावरही असते, हे मला उशिरा लक्षात आले. टेनिसमध्ये बोरिस बेकरने आंद्रे आगासीला सुरुवातीला सलग तीन वेळा हरवले होते. मग सर्व्हिसआधी बेकरची जीभ कोणत्या बाजूला बाहेर येते यावरून चेंडू कुठे पडणार हे आगासीच्या ध्यानात आले आणि चौदा सामन्यांअखेर त्याच्या नावावर दहा विजय होते. त्याने स्वतः सांगितले आहे की बेकरची सर्व्हिस ओळखणे अवघड नव्हते. अवघड होते ते आपल्याला कळले आहे हे त्याला कळू न देणे. प्रत्येक वेळी अचूक उभा राहिला असता तर बेकरने जीभ आत घेतली असती. म्हणून तो खूण ठाऊक असूनही बरेचदा तिच्याकडे काणाडोळा करी आणि ऐन मोक्याच्या गुणासाठी तिचा उपयोग राखून ठेवी. त्या हिशेबाने आमच्या शेजारगावचा लाइनबॅकर कच्चा निघाला. त्याने ओळखले ते बिनतोड ओळखले, पण हात लांब करून सगळ्या मैदानाला दाखवले. गप्प राहून एक पाऊल सरकला असता तरी भागले असते. आपल्याला कळल्याचा आनंद त्याला आवरला नाही, आणि ते बोटच आमच्या चित्रणात टिपले गेले.

बाद फेरीत त्याच संघाशी पुन्हा गाठ पडली तेव्हा आमच्या प्रशिक्षकांनी त्या बोटाचा उपयोग केला. माझ्या मुलाला त्यांनी सांगितले की एका ठरावीक चालीला जुनाच गार्ड होऊन उभा राहा: बोटे हलकी, मान किंचित उजवीकडे. पूर्वार्धात ती चाल आली. लाइनबॅकरने या वेळीही बोट दाखवले, तीन जण उजवीकडे सरकले आणि चेंडू डावीकडून मोकळ्या मैदानात गेला. आमची बाकडी उठून उभी राहिली. माझ्या शेजारचे गृहस्थ तेवढे बसून राहिले आणि म्हणाले की ही युक्ती आता पुन्हा चालणार नाही. तसेच झाले, उत्तरार्धात मुलाने तेच सोंग घेतले तेव्हा लाइनबॅकर हलला नाही, आणि पुढच्या खेपेला मुलगा खरोखरच उजवीकडे जाणार होता तेव्हाही तो हलला नाही. त्याने गार्डकडे बघणेच सोडून दिले होते आणि तो आता सरळ रनिंग बॅकच्या पावलांकडे बघत होता. सामना आम्ही हरलो, पण त्याचा या सगळ्याशी संबंध नव्हता. त्यांची मुले आमच्यापेक्षा आडदांड होती आणि अखेरच्या दहा मिनिटांत त्यांनी काहीही न लपवता एकाच जागेतून पुन्हा पुन्हा धाव घेतली. कोणती चाल येणार हे बाकड्यांवरच्या आजीबाईंनाही कळत होते. अडवता कोणालाच आली नाही.

या वर्षी आमच्या शाळेत मुले कमी आहेत, त्यामुळे तो दोन्ही बाजूंनी खेळतो: आक्रमणात गार्ड आणि बचावात त्याच जागेच्या समोरचा टॅकल. शनिवारी टॅबलेटवर स्वतःचे चित्रण असते आणि रविवारपासून पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे. परवा त्याने मला त्यांच्या सेंटरचा एक बारकावा दाखवला. पास असला की तो चेंडूवर हात ठेवल्यावर एकदा बोटे उघडून पुन्हा मिटतो. धाव असली की एकदाच, घट्ट. आठ-दहा चाली आम्ही दोघांनी ओळखून पाहिल्या आणि एकही चुकली नाही. मग त्याने आवाज खाली आणून बजावले, "आई, तू हे कुणालाही सांगू नकोस हं. चेहऱ्यावर पण दाखवू नकोस." कोणाविषयी बोलतो आहे ते मला समजले. चिवडा खाणाऱ्या त्या गृहस्थांच्या मुलीचे सासर त्याच गावात आहे आणि नातू त्यांच्याच संघात राखीव खेळाडू आहे. ते शुक्रवारी येणार, डबा उघडायला सांगणार आणि चेंडू हलण्याआधी माझ्याकडे बघणार, म्हणून या खेपेला मी दोन रांगा वर बसायचे ठरवले आहे. गुडघा दुखतो आहे असे त्यांना सांगेन, जरी गुडघा दुखणारी बाई दोन पायऱ्या जास्त का चढते हे त्यांना विचारावेसे वाटेल.